आळ तांब्यावर, दोष पाण्यात : लोह-जिवाणूंची टाकी चालवताना या चुका टाळा

मे महिना अर्ध्यावर आला की दरवर्षी मला तोच फोन येतो. प्रकल्प जमा करायची तारीख तोंडावर आलेली असते आणि पलीकडचा आवाज रडवेला झालेला असतो. "मॅडम, आमचे बॅक्टेरिया मेले. तांबं सोसलं नाही त्यांना." माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : "तांबं न घातलेली बाटली कशी चालली आहे?" पलीकडे शांतता. तशी बाटली ठेवलेलीच नसते.

गेली तेरा वर्षं मी दाभोळ खाडीच्या काठी एका शेडमध्ये हे जिवाणू वाढवते आहे. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे त्यांचं पूर्ण नाव. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात त्यांचं काम ओळखलं. पाण्यात विरघळलेल्या फेरस लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढायचा, तो हवेतल्या ऑक्सिजनला द्यायचा आणि त्या देवघेवीत सुटणाऱ्या ऊर्जेवर जगायचं. मागे उरतं ते फेरिक, आणि आम्हाला हवं असतं तेच. गोबरगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड त्याने निघतो, भंगारातल्या सर्किट बोर्डांवरचं तांबं त्यात विरघळतं. ते विरघळलेलं तांबं जिवाणूंना सोसावं, म्हणून आधी त्यांना थोडं थोडं तांबं घालून सवय लावावी लागते. काम झालं की फेरिकचं पुन्हा फेरस होतं आणि जिवाणू त्याचं परत फेरिक करून देतात.

या देवघेवीत त्यांच्या हाती फार थोडी ऊर्जा लागते. म्हणून चिमूटभर वाढीसाठी त्यांना ढीगभर लोह पालटावं, म्हणजे फेरसचं फेरिक करावं लागतं. गाठीला शिल्लक अशी काही नसतेच, त्यामुळे कुठलाही ताण आला की पहिली मंदावते ती लोह पालटण्याची गती. हवा कमी पडो, आम्ल कमी पडो, ऊन वाढो, पाणी बिघडो, नाहीतर खरंच धातू जास्त होवो, बाहेरून दिसणारं लक्षण एकच. द्रावण हिरवटच राहतं, वीटकरी होत नाही. आणि ज्याने त्या आठवड्यात तांबं घातलेलं असतं, तो तांब्याला दोष देऊन मोकळा होतो.

मीही एकदा दिला होता.

खारी विहीर

त्या वर्षी एक मुलगी आमच्याकडे प्रकल्पाला होती. हुशार, कामाला वाघ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोनशे लिटरच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये काम सुरू केलं. दर खेपेला जुन्या द्रावणाचा दहावा हिस्सा ठेवायचा, बाकी नवं द्रावण भरायचं आणि दर आठवड्याला तांबं लिटरमागे एक ग्रॅमने वाढवायचं. पहिल्या दोन आठवड्यांत लिटरमागचं नऊ ग्रॅम लोह तीन दिवसांत पालटत होतं. तिसऱ्या आठवड्यात चार दिवस लागले, चौथ्यात सहा. पाच ग्रॅम तांब्यावर गेलो आणि मेच्या मध्याला काम जवळजवळ थांबलं. तिने आलेख काढला. तांबं वर, गती खाली, अगदी सरळ रेषेत. इतका देखणा आलेख पाहून मीही मान डोलावली. तिने अहवालात लिहिलं की पाच ग्रॅम ही या जिवाणूंची मर्यादा, आणि ती घरी गेली.

कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचं ते द्रावण, टाकून द्यायला माझा जीव होईना. आठवड्याला एकदा तेच पाच ग्रॅम तांब्याचं द्रावण घालून मी ते नुसतं जगवत ठेवलं. मृग लागला, पाऊस धरला, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तोच ड्रम तेवढ्याच तांब्यावर साडेतीन दिवसांत वीटकरी झाला. तांबं एक कणही कमी केलं नव्हतं.

दोन दिवस मी त्या ड्रमभोवती फिरत होते. उत्तर दिलं ते शेडवर मदतीला येणाऱ्या काकांनी. म्हणाले, "ताई, त्या विहिरीचं पाणी वैशाखात गुरं पण तोंडात घेत नाहीत. खाडी आत येते तिच्यात. पाऊस पडला की गोडी होते."

आमचं सगळं द्रावण त्या विहिरीच्या पाण्यात बनत होतं. मार्चमध्ये मी ते तपासलं होतं तेव्हा चांगलं होतं, म्हणून पुढे तपासलंच नाही. सुदैवाने मे महिन्यातल्या पाण्याची तारीख घातलेली एक बाटली कपाटात राहिली होती. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजलं तर लिटरला सहा ग्रॅमच्या वर निघालं. समुद्राच्या पाण्यात ते एकोणीसच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश समुद्र आम्ही ड्रममध्ये ओतत होतो. दर आठवड्याला आम्ही तांबं वाढवत होतो आणि दर आठवड्याला विहीर खारी होत होती. तो देखणा आलेख खाडीचा होता.

क्लोराइड एवढं का नडतं हे समजून घ्या, कारण कोकणात या एका गोष्टीपासून सुटका नाही. हे जिवाणू दोनच्या आसपास सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) असलेल्या आम्लात राहतात, पण त्यांच्या पेशीच्या आतला सामू साडेसहाच्या जवळ असतो. म्हणजे बाहेर हायड्रोजन आयन आतल्यापेक्षा तीसेक हजार पट दाट. ते आत घुसू नयेत म्हणून पेशी आपल्या आवरणाच्या आतल्या बाजूला धन प्रभार राखून असते, आणि धनाला धन दूर लोटतं. सल्फेट आयन या आवरणातून सहज जात नाही, म्हणून गंधकाम्लात त्यांचा संसार सुखाचा चालतो. क्लोराइड आणि नायट्रेट मात्र आत शिरतात. त्यांचा ऋण प्रभार आतला धन प्रभार पुसून टाकतो, बांध फुटतो आणि आम्ल आत येतं. लिटरला काही ग्रॅम क्लोराइड असलं की या जातीची गती पडायला लागते. खाऱ्या आंबट पाण्यात राहणारे लोह-जिवाणूही निसर्गात आहेत, पण ते वेगळे. आपल्या बाटलीतले ते नव्हेत.

आणखी एक गुंता होता. आम्ही फेरस मोजत होतो पोटॅशियम परमँगनेटने. लोहाच्या सान्निध्यात परमँगनेट क्लोराइडवरही थोडं खर्च होतं, त्यामुळे फेरस आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणजे जिवाणू मंदावले होतेच, आणि आमची मोजणी त्यांना आणखी मंद दाखवत होती. तेव्हापासून पाण्याबद्दल जराही शंका असली की मी डायक्रोमेट वापरते. ते विषारी आहे, त्याचा निचरा जपून करावा लागतो, पण क्लोराइडने ते फसत नाही.

आता माझी सवय अशी : द्रावण डिस्टिल्ड पाण्यात करायचं. मोठ्या टाकीला ते परवडत नाही, तिथे पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवायचं. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्यायच्या, छप्पर धुऊन निघू द्यायचं. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि लोक उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात जिवाणू वाढवतात, हे बघवत नाही. विहिरीचंच पाणी वापरणार असाल तर होळीपासून पावसापर्यंत दर आठवड्याला क्लोराइड मोजा. जिभेवर विसंबू नका. आणि बाष्पीभवनाने पातळी उतरली की भर घालायची ती डिस्टिल्ड पाण्याचीच. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं, आणि रोज वरून खारं पाणी ओतलं तर मीठ साठत जातं.

त्या मुलीला मी फोन करून सगळं सांगितलं. तिने अहवालात दुरुस्ती जोडली. मला तिचा आजही अभिमान वाटतो.

तुलनेच्या बाटल्या

"जागा नव्हती, ड्रम एकच होता" हे कारण मी आता ऐकून घेत नाही. ड्रम एकच असू दे, शेजारी अडीचशे मिलिलिटरचे चार चंबू ठेवायला पाट पुरतो. त्याच पाण्याचं, त्याच दिवशी केलेलं द्रावण चारांत शंभर-शंभर मिलिलिटर घ्यायचं. पहिल्यात जिवाणू नाहीत. दुसऱ्यात जिवाणू आहेत, तांबं नाही. तिसऱ्यात दोन्ही. चौथ्यात जिवाणू आणि तांब्याच्या सल्फेटएवढंच मॅग्नेशियम सल्फेट. चौथा लोक नेहमी गाळतात. तांबं घालतो ते मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट म्हणून, त्याबरोबर सल्फेटही जातं, द्रावण दाट होतं, आणि नुसत्या दाटपणानेही गती उतरते. ती तांब्याच्या खात्यावर टाकणं हा अन्याय आहे.

पहिला चंबू का लागतो, तर दोन सामूला फेरस लोह हवेने आपण होऊन जवळजवळ पालटत नाही. १९७० मध्ये सिंगर आणि स्टम यांनी दाखवलं की खाणीच्या पाण्यात जिवाणू ही क्रिया दहा लाख पटीने वाढवतात. पण सामू चारच्या पुढे सरकला की हवेचं काम वाढत जातं, आणि सातला तर काही मिनिटांत निम्मं लोह पालटतं. तुमचा सामू घसरून वर गेला असेल आणि जिवाणू नसलेला चंबूही तांबूस होत असेल, तर तुम्ही जे मोजताय ते जिवाणूंचं काम नव्हे.

मोरचूद म्हणजे तांबं नव्हे

पाच ग्रॅम मोरचूद तोलायचं आणि वहीत "तांबं पाच ग्रॅम" लिहायचं, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता वही हातात घेतली की आधी तेच पान उघडते. मोरचुदात पाणी आहे, सल्फेट आहे. तांबं जेमतेम चौथा हिस्सा, शंभरात साडेपंचवीस. हिराकशीत, म्हणजे ज्यातून आपण फेरस देतो त्या फेरस सल्फेटमध्ये, लोह शंभरात वीस. ९-के नावाच्या प्रसिद्ध द्रावणात लिटरला ४४ ग्रॅमच्या वर हिराकस पडते तेव्हा कुठे त्यात नऊ ग्रॅमच्या आसपास लोह येतं. सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी १९५९ मध्ये ते द्रावण दिलं आणि त्याच्या नावातला नऊ हा लोहाचा आकडा आहे.

सुपारीवर बोर्डो फवारायला आणलेलं मोरचूद घरात असतं, तेच वापरलं तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. शिकायला चालेल. आकडे छापायचे असतील तर नाही. हिराकशीचं तर आणखी अवघड. आपल्या दमट हवेत पुडा एकदा फोडला की महिन्याभरात खड्यांवर पिवळी-तपकिरी पूड धरते. ती पूड म्हणजे आधीच पालटलेलं लोह. मी हिराकस घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते, हिरवे खडे तेवढे निवडून घेते, आणि द्रावण केल्या केल्या फेरस मोजते. तोललेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

कुठला धातू किती

सगळे धातू एका मापाने मोजू नका. तांबं, जस्त, निकेल, कोबाल्ट यांच्याशी हे जिवाणू ग्रॅमच्या हिशेबात जुळवून घेतात, वेळ दिला तर कितीतरी ग्रॅम. चांदी आणि पारा यांचा हिशेब मिलिग्रॅमचा आणि त्याहूनही खालचा. मॉलिब्डेनमही नडतं. आर्सेनिकमध्ये आर्सेनाइट हे आर्सेनेटपेक्षा घातक. फ्लोराइड धातू नाही, पण इथेच सांगते : आम्लात त्याचं हायड्रोफ्लोरिक आम्ल होतं, ते प्रभाराविना आवरणातून आत जातं आणि आत गेल्यावर फुटतं. थोडंसुद्धा पुरतं.

"वेळ दिला तर" हे शब्द नवशिक्यांना ऐकू येत नाहीत. शून्यावरून एकदम दहा ग्रॅम तांब्यावर उडी मारायची आणि चौथ्या दिवशी मेले म्हणून जाहीर करायचं. रोपवाटिकेतलं कलम तुम्ही एकदम भर उन्हात लावता का? मी एक ग्रॅमवर तीन पिढ्या घेते, मग दोन, मग पाच, मग दहा. प्रत्येक पायरीवर फेरस संपत आलं की लगेच पुढच्या द्रावणात नेते, वीटकरी होऊन आठवडा उलटलेल्या कल्चरमधून नाही. प्रत्येक पायरीची एक बाटली मागे राखून ठेवते. पुढची पायरी फसली तर मागच्या पायरीवर परतता येतं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि कमावलेली सवय तांब्याशिवाय वाढवत राहिलात तर हळूहळू जाते, म्हणून राखणीच्या बाटलीतही तेवढं तांबं असू द्या.

बोल्टाची गोष्ट

दुसरी लांब गोष्ट सांगते, कारण हिच्यात जिवाणूंचा काहीच दोष नव्हता.

घाटाजवळच्या एका ओळखीच्या शेडमधून निरोप आला. टाकी महिनाभर चालू आहे, पण फेरस लिटरला एक ग्रॅमच्या खाली उतरतच नाही. नवं कल्चर घातलं, हवा वाढवली, आम्ल बदललं, काही उपयोग नाही. मी गेले. द्रावण लालसर होतं, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू भरपूर. टाकीतलं दहा मिलिलिटर घेऊन घरी ताज्या द्रावणात घातलं तर तीन दिवसांत रंग फिरला. म्हणजे जिवाणू ठणठणीत. मग फेरस संपत का नाही?

टाकी रिकामी करून ढवळणीचा दांडा वर काढला. प्लास्टिकचं पातं दांड्याला धरून ठेवणारा बोल्ट मध्यंतरी तुटला होता आणि गावातल्या वेल्डरने हाताला लागला तो साधा लोखंडी बोल्ट बसवला होता. तो बोल्ट अर्ध्याहून जास्त खाल्ला गेला होता. फेरिक धातुरूप लोखंड सोडत नाही. लोखंडाचा एक अणू विरघळताना फेरिकचे दोन अणू फेरस होतात आणि तो स्वतःही फेरस होऊन पाण्यात येतो. एकाचे तीन. जिवाणू दिवसरात्र फेरस संपवत होते आणि बोल्ट दिवसरात्र नवं पुरवत होता.

तांब्या-पितळेचंही तसंच. हवेच्या नळीवरचा पितळी व्हॉल्व्ह, तापवणाऱ्या कॉइलची तांब्याची नळी, यांतलं काहीही द्रावणाला लागू देऊ नका. तांब्याचा एक ग्रॅम विरघळला की पावणेदोन ग्रॅम फेरिकचं फेरस होतं. सर्किट बोर्डांची पूड घातल्यावर फेरस वाढलं तर घाबरू नका, ते तांबं विरघळत असल्याची खूण आहे. स्टेनलेस स्टील गंधकाम्लात बरं टिकतं, पण क्लोराइड आलं की त्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि खाडीकाठी क्लोराइड येतंच. मी टाकीत पॉलिप्रॉपिलीन, एचडीपीई, काच आणि टेफ्लॉन यांशिवाय काही घालत नाही. तापवायला काचेचा, मत्स्यपेटीत वापरतात तो हीटर. काही दुरुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः हात घालून प्रत्येक खिळा-स्क्रू बघते, आणि चुंबक खिशात असतो.

मेले की जिवंत, हे ठरवायचा माझ्याकडे तोच एक खात्रीचा मार्ग आहे : टाकीतलं थोडं पाणी काढा, धातू नसलेल्या ताज्या द्रावणात घाला, चार-पाच दिवस थांबा. एवढा धीर नसेल तर हे काम तुमच्यासाठी नाही.

हवा

हिशेब करून बघा. एक ग्रॅम फेरस पालटायला ०.१४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरमागे नऊ ग्रॅम लोह म्हणजे सुमारे १.३ ग्रॅम ऑक्सिजन. तीस अंशांना लिटरभर पाण्यात एका वेळी मावतो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे पाण्यातला सगळा ऑक्सिजन पावणेदोनशे वेळा संपून पुन्हा भरायला हवा. झाकण घट्ट लावून बाटली कपाटात ठेवली तर काय होणार? वर कार्बनही त्यांना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच मिळतो. कापसाचा बोळा लावा, हलवत ठेवा. टाकीत हवा सोडायची तर बारीक बुडबुड्यांचा दगड वापरा, पण तळाशी गाळ धरला की तो बुजतो, दर पंधरा दिवसांनी काढून आम्लात बुडवा.

उलट टोकही आहे. खडे किंवा बोर्डांची पूड घालून जोरात ढवळलं तर कण एकमेकांवर घासतात आणि जिवाणू त्यांत भरडले जातात. घन पदार्थ वजनाने पाचव्या हिश्शाच्या वर नेऊ नका. नवखा असाल तर शेकडा दोनवर थांबा.

कोकणात वीज जाते हे गृहीत धरूनच बसा. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मी बॅटरीवर चालणारा मत्स्यपेटीचा पंप एकाच चंबूला लावला आणि तेवढं एक कल्चर जपलं. मोठ्या टाकीचा मोह सोडला. त्या एका चंबूतून पुढे सगळं पुन्हा उभं राहिलं.

आम्ल आणि पिवळा गाळ

लोह पालटताना आधी आम्ल खर्च होतं, म्हणून सामू चढतो. मग तयार झालेलं फेरिक पाण्याशी क्रिया करून आम्ल परत देतं. मधल्या काळात सामू दोनच्या पुढे गेला की जारोसाइट नावाचा पिवळा गाळ बसायला लागतो. पोटॅशियम किंवा अमोनियम, सल्फेट आणि तुमचं मेहनतीचं फेरिक मिळून तो बनतो. नळ्या बुजतात, सामू मोजणाऱ्या मीटरच्या इलेक्ट्रोडवर कवच चढतं, आणि कवच चढलेला इलेक्ट्रोड भलतेच आकडे दाखवतो. मी १.७ वर सुरुवात करते, पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजते, १.९ च्या वर जाऊ देत नाही. मीटर चार आणि सातच्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर) जुळवून १.७ मोजणाऱ्यांना माझी विनंती आहे, दोनच्या आसपासचं तिसरं बफर घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवून महिना घालवू नका.

बोर्डांची पूड स्वतः आम्ल पिते, हे विसरतात. पूड पडली, सामू तीनवर गेला, फेरिक सगळं गाळात बसलं, आणि दोष पुन्हा तांब्याला. आधी जिवाणू वाढवून फेरिक तयार करा, मग पूड थोडी थोडी घाला, प्रत्येक वेळी सामू बघून.

एकेका ओळीत

गूळ घालू नका. जीवामृताची सवय असलेले हात आपोआप गुळाकडे वळतात, पण हे जिवाणू गूळ खात नाहीत, आणि वर बुरशी धरते. व्हिनेगरचा तर वासही नको, आम्लात ॲसिटिक आम्ल पेशीत सरळ घुसतं.

काच साबणाने धुतली असेल तर पुन्हा पुन्हा खळबळा. खाणींचं आंबट पाणी थांबवायला, म्हणजे हेच जिवाणू दाबायला, साबणासारखीच रसायनं फवारतात.

हिराकस इतर क्षारांबरोबर प्रेशर कुकरात किंवा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. क्षार वेगळे निर्जंतुक करा, आम्लातलं फेरस बारीक गाळणीतून गाळून मागाहून मिसळा.

साध्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) वसाहती आल्या नाहीत म्हणून कल्चर मेलं असं समजू नका. आम्लात अगारातून सुटणारी साखरच त्यांना मारते. त्याऐवजी अगारोज, म्हणजे शुद्ध केलेलं अगार घ्या.

पुस्तकात चाळीस अंश वाचलं म्हणून टाकी चाळीसवर नेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू इथे १९८६ पासून सोन्याच्या खनिजावर अशा टाक्या चालतात, त्या एवढ्या गरम असतात हे खरं, पण तिथे लेप्टोस्पिरिलम आणि इतर उष्णता सोसणाऱ्या जातींचं राज्य आहे. आपल्या जातीला तीस अंश मानवतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी द्रावणात थर्मामीटर घालून बघा. हीटरची नाही, ओल्या गोणपाटाची गरज असते.

वहाळाच्या काठचा तांबूस, मऊ गाळ आणून आम्लात घालू नका. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो, काडीने डिवचला की काचेसारखे तुकडे होतात. तेही लोह-जिवाणूंचंच काम, पण ते गॅलिओनेला आणि लेप्टोथ्रिक्स यांसारखे, सात सामूच्या आसपास राहणारे. दोन सामूच्या गंधकाम्लात ते जगत नाहीत. सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखाणीतली लाल माती आणूनही उपयोग नाही. ते ऑक्साइड आहे, त्यात गंधक नाही, मग आंबट पाणी कुठून येणार? कल्चर एखाद्या संस्थेच्या संग्रहातून रीतसर मागवा.

वापरलेलं तांब्याचं पाणी वहाळात सोडू नका. चुन्याने सामू आठ-नऊपर्यंत न्या, गाळ बसू द्या, गाळ वाळवून डब्यात ठेवा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्याकडे द्या. खाडीत कालवं आहेत, तिसऱ्या आहेत, आणि त्या काढून पोट भरणाऱ्या बायका आहेत.

राखणीच्या बाटल्या

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या राखणीच्या बाटल्यांचा एक संच तिथल्या तळमजल्यावरच्या फ्रिजमध्ये होता. फ्रिज आडवा होऊन तरंगला. शून्यापासून पंधरा ग्रॅम तांब्यापर्यंत चढवत नेलेली दोन वर्षांची पायरी त्यात गेली. दुसरा संच गुहागरला एका मैत्रिणीच्या माडीवर होता, त्यात दहा ग्रॅमपर्यंतच्या बाटल्या होत्या, म्हणून मला अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही.

आता तीन ठिकाणी ठेवते, तिन्ही वरच्या मजल्यावर. दीड महिन्याने एकदा ताज्या द्रावणात उतरवते, बाटलीवर तारीख, तांब्याचं प्रमाण आणि कुठल्या पाण्यात केलं ते लिहिते. शेवटचं कोणी लिहीत नाही. मी पेन्सिलीने लिहिते आणि वरून चिकटपट्टी लावते, कारण पावसाळ्यात शाई उतरते.